लिनक्स वापरणारे दर काही वर्षांनी बिऱ्हाड का हलवतात?

विंडोज वापरणाऱ्याला "कुठलं विंडोज वापरतोस?" असं विचारलं, तर उत्तर येतं दहा किंवा अकरा. विषय तिथंच संपतो.

हाच प्रश्न दहा वर्षं लिनक्स वापरणाऱ्याला विचारून बघा. "आधी उबुंटू होतं, मग मिंट टाकलं, मध्ये वर्षभर आर्च वापरून पाहिलं, आता डेबियनवर आहे," असं काहीतरी ऐकायला मिळेल. एखाद्यानं शहरात आल्यापासून किती खोल्या बदलल्या ते सांगावं, तसं.

या सवयीला 'डिस्ट्रो-हॉपिंग' म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हे रिकामटेकड्या लोकांचे उद्योग आहेत. पण गुगलनं आपल्या कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरवरचं लिनक्स बदललं आहे. जगातला सगळ्यात मोठा कणांचा प्रयोग चालवणाऱ्या सर्न या प्रयोगशाळेलाही काही वर्षांत दोनदा बिऱ्हाड हलवावं लागलं. ही मंडळी काही रिकामटेकडी नाहीत.

मग लोक सारखं लिनक्स बदलतात तरी का? एकेक कारण बघू.

आधी हे डिस्ट्रो म्हणजे काय?

लिनक्स हे खरं तर एका छोट्या, पण सगळ्यात महत्त्वाच्या भागाचं नाव आहे. त्याला कर्नल म्हणतात. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड या सगळ्यांकडून काम करून घेणारा हा भाग. १९९१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं तो लिहायला घेतला.

पण नुसतं कर्नल घेऊन कुणी कॉम्प्युटर वापरू शकत नाही. त्यावर खिडक्या दाखवणारा डेस्कटॉप लागतो, ब्राउझर लागतो, नवीन सॉफ्टवेअर टाकायची सोय लागते, अपडेट पाठवणारं कुणीतरी लागतं. हे सगळं एकत्र बांधून, तपासून लोकांच्या हातात देतात त्याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. बोलताना त्याचंच डिस्ट्रो होतं.

मिसळीचं उदाहरण घ्या. उसळ सगळीकडे लागतेच. पण कोल्हापूरचा कट वेगळा, पुण्याची मिसळ वेगळी, नाशिकची आणखी वेगळी. उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट, आर्च या सगळ्यांत कर्नल लिनक्सच असतं. वरचा कट, फरसाण आणि वाढायची पद्धत मात्र ज्याची त्याची.

म्हणजे डिस्ट्रो निवडताना आपण कुणीतरी आधीच घेतलेले शेकडो निर्णय एकदम स्वीकारतो. अपडेट कधी येणार, किती वर्षं येणार, डेस्कटॉप कुठला असणार, नियम कोण ठरवणार, हे सगळं त्यात आलं. ते निर्णय आपल्याला पटेनासे झाले किंवा ते घेणाऱ्यांनी अचानक बदलले, की माणूस दुसरं घर शोधायला लागतो.

डेबियनचा जन्मच नाराजीतून झाला

१९९२ मध्ये 'एसएलएस' नावाचं एक डिस्ट्रो आलं होतं. ते बऱ्यापैकी लोकप्रिय झालं, पण त्यात चुका भरपूर होत्या.

अमेरिकेत शिकणाऱ्या पॅट्रिक व्होल्करडिंगनं कॉलेजमधल्या कामासाठी ते घेतलं आणि चुका दुरुस्त करत बसला. त्या दुरुस्त्यांमधून जुलै १९९३ मध्ये 'स्लॅकवेअर' बाहेर आलं. पुढच्याच महिन्यात इयन मर्डॉक या दुसऱ्या विद्यार्थ्यानं नवं डिस्ट्रो जाहीर केलं. एसएलएसवर तोही वैतागलेला होता. आपलं 'इयन' आणि तेव्हाची मैत्रीण डेब्रा हिचं 'डेब' जोडून त्यानं नाव ठेवलं डेबियन.

ही दोन्ही डिस्ट्रो आजही चालू आहेत. उबुंटू डेबियनवर उभं आहे आणि मिंट उबुंटूवर. थोडक्यात, "हे जमत नाही, दुसरं बघू" ही सवय लिनक्सला पहिल्या दोन वर्षांतच लागली.

कारण पहिलं : मशीनच साथ देत नाही

बहुतेकांचा पहिला बदल तत्त्वासाठी वगैरे नसतो. वायफाय चालत नाही म्हणून असतो.

वायफाय किंवा ग्राफिक्स कार्ड चालवायला कंपनीनं दिलेलं एक छोटं सॉफ्टवेअर लागतं, त्याला फर्मवेअर म्हणतात. त्याचा कोड अनेकदा खुला नसतो. डेबियन आपल्या तत्त्वाला धरून असं बंद फर्मवेअर मुख्य इन्स्टॉलरमध्ये देतच नव्हतं. त्यामुळं लॅपटॉपवर डेबियन टाकलं की वायफाय गायब, आणि ते फर्मवेअर डाउनलोड करायला पुन्हा इंटरनेट हवं! अनेक नवे लोक तिथूनच उबुंटू किंवा मिंटकडे वळले. डेबियननं हा नियम मतदान घेऊन बदलला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळू लागलं.

दुसरा प्रश्न जुन्या मशीनचा. ३२ बिटच्या जुन्या कॉम्प्युटरना एकेका डिस्ट्रोनं दार बंद केलं. आर्चनं २०१७ मध्ये, फेडोरानं २०१९ मध्ये. मिंटची २०२० सालची नवी आवृत्तीही फक्त ६४ बिटसाठीच आली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ चा इन्स्टॉलरही आता ३२ बिटच्या जुन्या पीसीसाठी मिळत नाही. कॉम्प्युटर चालू असतो, पण घरमालक म्हणतो खोली रिकामी करा. अशा वेळी हलकं डिस्ट्रो शोधण्यावाचून पर्याय उरत नाही.

कारण दुसरं : नवं हवं की टिकाऊ हवं?

प्रत्येक डिस्ट्रोचं स्वतःचं एक वेळापत्रक असतं.

उबुंटूची एलटीएस आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. फेडोराची आवृत्ती साधारण तेरा महिने चालते. डेबियन दोन-अडीच वर्षांनी नवी आवृत्ती काढतं आणि मधल्या काळात सॉफ्टवेअर फारसं बदलत नाही. आर्चमध्ये आवृत्ती हा प्रकारच नाही. जे नवं येईल ते थेट तुमच्या कॉम्प्युटरवर. याला रोलिंग रिलीज म्हणतात.

यात चांगलं-वाईट काही नाही. कॉलेजातल्या मुलाला नवीन ग्राफिक्स ड्रायव्हर आणि नवीन प्रोग्रॅमिंग टूल आजच्या आज हवं असतं. एखाद्या अपडेटनं कॉम्प्युटर सुरूच झाला नाही, तर रात्रभर बसून तो नीट करण्यातही त्याला मजा येते. तोच मुलगा पाच वर्षांनी नोकरीला लागतो. सकाळी दहाला मीटिंग असते आणि नऊ पन्नासला स्क्रीन काळी पडलेली परवडत नाही. मग तो डेबियन किंवा एलटीएसकडे येतो.

म्हणूनच अनेकांचा प्रवास सोप्यापासून अवघडाकडे आणि फिरून पुन्हा सोप्याकडे होतो. इथं डिस्ट्रो वाईट झालेलं नसतं. वापरणाऱ्याचं आयुष्य बदललेलं असतं.

मोठ्या कंपन्यांचंही असंच होतं. गुगलचे कर्मचारी आधी 'गुबुंटू' वापरायचे, म्हणजे गुगलनं उबुंटू एलटीएसवर बनवलेली स्वतःची आवृत्ती. दर दोन वर्षांनी एक लाखाहून जास्त मशीन नव्या आवृत्तीवर न्यायची, तर त्यात वर्षाचा बराचसा काळ जायचा. ते संपेपर्यंत पुढची आवृत्ती दारात. शेवटी गुगलनं डेबियनवर आधारित 'जीलिनक्स' बनवलं, ज्यात बदल थोडे थोडे करून सतत येत राहतात.

गेमिंगमधल्या व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम ओएस आधी डेबियनवर होतं. २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरायचं मशीन आलं तेव्हा त्यांनी आर्चवर उडी मारली, कारण गेमसाठी लागणारे नवे बदल लवकर हवे होते.

गंमत बघा, दोघांनाही सतत येणारे बदल हवे होते. एकानं त्यासाठी डेबियन धरलं, दुसऱ्यानं डेबियन सोडलं.

कारण तिसरं : एका सकाळी घरच ओळखू येईना

२०११ हे वर्ष लिनक्सवाल्यांच्या चांगलं लक्षात आहे.

त्या एप्रिलमध्ये ग्नोम हा डेस्कटॉप पूर्ण बदलून 'ग्नोम ३' म्हणून आला. खालची पट्टी, मेनू, खिडकी लहान करायचं बटण, सगळी जुनी मांडणी गेली. त्याच महिन्यात उबुंटूनं 'युनिटी' हा स्वतःचा वेगळा डेस्कटॉप सगळ्यांना दिला. अपडेट केल्यावर लोकांना कळेना, आपल्या गोष्टी गेल्या कुठं.

खुद्द लिनस टोरवाल्ड्स ग्नोम ३ वर जाहीरपणे चिडला आणि एक्सएफसीई या साध्या डेस्कटॉपवर गेला. दोनेक वर्षांनी तो परतही आला, ते वेगळं.

सगळेच इतके वैतागले की त्यातून नवी घरं उभी राहिली. अर्जेंटिनातल्या एका आर्च वापरणाऱ्यानं जुना ग्नोम जपण्यासाठी 'माते' सुरू केलं. हे नाव तिकडच्या चहासारख्या पेयाचं. लिनक्स मिंटनं 'सिनॅमन' बनवला, खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात मेनू असलेला. विंडोजची सवय असलेल्यांना तो लगेच जमला. उबुंटू सोडून मिंटकडे जाण्याचं हे मोठं कारण ठरलं. पुढं २०१७ मध्ये उबुंटूनं युनिटी गुंडाळलं आणि ते ग्नोमकडे परतलं. पण तोवर अनेकांचं सामान दुसरीकडे लागलं होतं.

कारण चौथं : घरमालकानं करार मोडला

आतापर्यंतची कारणं घरच्या कॉम्प्युटरपुरती होती. आता जिथं पैसा आणि नोकऱ्या पणाला लागतात तिकडे येऊ.

जगभरातल्या असंख्य सर्व्हरवर लिनक्स चालतं. रेड हॅट कंपनीचं 'रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स' त्यात सगळ्यात भरवशाचं मानलं जातं, पण त्याचे पैसे लागतात. त्याचाच खुला कोड घेऊन बनवलेलं, अगदी तसंच चालणारं फुकट डिस्ट्रो म्हणजे सेंटओएस. ते २००४ पासून होतं. वेब होस्टिंग कंपन्या, विद्यापीठं, स्टार्टअप, सगळ्यांचा त्यावर भरवसा. २०१४ मध्ये रेड हॅटनं हा प्रकल्प आपल्या पंखाखाली घेतला. पुढं २०१९ मध्ये आयबीएमनं तब्बल ३४ अब्ज डॉलरला रेड हॅटच विकत घेतली.

सप्टेंबर २०१९ मध्ये सेंटओएस ८ आलं. अपडेट २०२९ पर्यंत मिळणार, असं गृहीत धरून लोकांनी सर्व्हर त्यावर नेले.

आणि ८ डिसेंबर २०२० ला घोषणा झाली की सेंटओएस ८ चं काम ३१ डिसेंबर २०२१ ला थांबणार. म्हणजे आठ वर्षांची आशा, हातात राहिलं एक वर्ष. त्याऐवजी 'सेंटओएस स्ट्रीम' मिळणार होतं. ते रेड हॅटच्या पक्क्या आवृत्तीच्या आधी येतं, त्यामुळं अनेकांना सर्व्हरसाठी त्याचा भरवसा वाटेना.

यातला विचित्र भाग असा की जुनं सेंटओएस ७ ठरल्याप्रमाणे जून २०२४ पर्यंत चाललं. ज्यांनी आळस करून अपग्रेड केलं नव्हतं ते सुखात राहिले. वेळेवर अपग्रेड करणारे शहाणे मात्र अडचणीत आले.

पण लिनक्सचा कोड खुला आहे. सेंटओएसच्या संस्थापकांपैकी ग्रेगरी कर्टझरनं लगेच 'रॉकी लिनक्स'ची घोषणा केली. हयात नसलेला त्याचा जुना सहकारी रॉकी मॅकगॉ याच्या आठवणीत हे नाव ठेवलं. क्लाउडलिनक्स कंपनीनं 'अल्मालिनक्स' आणलं. २०२१ च्या मध्यापर्यंत दोन्ही वापरायला तयार होती. लोकांनी सामान उचललं आणि तिकडे हलवलं.

आता सर्नची गोष्ट. अमेरिकेतली फर्मीलॅब आणि स्वित्झर्लंडमधली सर्न या प्रयोगशाळांचं वर्षानुवर्षं 'सायंटिफिक लिनक्स' होतं. २०१९ मध्ये ठरलं की याची आठवी आवृत्ती काढायची नाही, सेंटओएस ८ वर जायचं. सेंटओएस ८ बंद झालं. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये दोघांनी मिळून प्रयोगांसाठी अल्मालिनक्स हे प्रमाण डिस्ट्रो ठरवलं. पहिलं घर त्यांनी विचार करून सोडलं होतं. दुसरं मात्र घोषणेमुळं सोडावं लागलं.

रेड हॅटच्या बाबतीत हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. घरोघरी वापरलं जाणारं जुनं 'रेड हॅट लिनक्स' कंपनीनं २००३ मध्ये बंद केलं आणि घरगुती लोकांना फेडोराकडे पाठवलं. 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत येणाऱ्या सीडींमधून लिनक्स शिकलेल्या भारतातल्या पिढीनं तो बदल पाहिला आहे. लवकरच, २००४ मध्ये, उबुंटू आलं आणि जगभर पोस्टानं फुकट सीडी पाठवू लागलं. घर शोधणाऱ्यांना आयतंच आमंत्रण मिळालं.

कारण पाचवं : पटत नाही म्हणून

काही लोक सगळं नीट चालू असतानाही सोडून जातात.

२०१४ मध्ये डेबियननं 'सिस्टमडी' हे सॉफ्टवेअर स्वीकारायचं ठरवलं. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर बाकीच्या सेवा सुरू करायचं काम ते करतं. विरोधकांचं म्हणणं होतं की हे एकच सॉफ्टवेअर फार कामं आपल्याकडे ओढून घेतं. वाद इतका पेटला की एक गट फुटला आणि 'देवुआन' हे वेगळं डिस्ट्रो सुरू झालं.

उबुंटूनं २०१२ मध्ये डेस्कटॉपवरच्या शोधात ॲमेझॉनच्या वस्तू दाखवायला सुरुवात केली. आपण आपल्याच कॉम्प्युटरवर काय शोधतो ते बाहेर जातंय, हे कळल्यावर अनेकांनी त्याला रामराम केला. पुढं ती सोय आपोआप चालू राहणं बंद झालं. मग आलं 'स्नॅप', सॉफ्टवेअर टाकायची उबुंटूची नवी पद्धत. तिचं दुकान कॅनोनिकल या एकाच कंपनीच्या हातात आहे, म्हणून २०२० मध्ये मिंटनं आपल्या आवृत्तीत स्नॅप आपोआप येणंच बंद केलं.

सामान्य माणसाला हे भांडण फुकाचं वाटेल. पण आपल्या कॉम्प्युटरवर काय यावं हे कोण ठरवणार, हाच मूळ प्रश्न आहे. मोबाईलवर न मागता आलेली ॲप काढता येत नाहीत तेव्हा आपणही चिडतोच. फक्त तिथं घर बदलायची सोय नसते.

कारण सहावं : नुसती हौस

हेही खरं कारण आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. जेंटूमध्ये बरंचसं सॉफ्टवेअर आपल्याच मशीनवर कोडपासून बांधून घ्यायची पद्धत आहे, त्यात तासन् तास जातात. आर्चमध्ये डिस्कचे भाग पाडण्यापासून डेस्कटॉप निवडण्यापर्यंत बरंच काही हातानं करायची पद्धत आहे. हे करताना माणूस कॉम्प्युटर आतून शिकतो. सिस्टम अ‍ॅडमिन म्हणून काम करणाऱ्या कितीतरी जणांची सुरुवात अशाच हौसेतून झाली आहे.

पण हौसेची एक गोम असते. स्क्रीनशॉट बघून दर पंधरा दिवसांनी डिस्ट्रो बदलणारा बऱ्याचदा फक्त वॉलपेपर आणि आयकॉन बदलत असतो. तेवढं तर आहे त्या डिस्ट्रोमध्येही होतं.

बदलाची किंमत किती?

डिस्ट्रो फुकट असलं तरी बदल फुकट होत नाही. उबुंटू-डेबियनमध्ये सॉफ्टवेअर टाकायला 'एपीटी' वापरतात, फेडोरात 'डीएनएफ', आर्चमध्ये 'पॅकमॅन'. म्हणजे हाताला लागलेल्या कमांड बदलतात. प्रिंटर पुन्हा जोडा, मराठी कीबोर्ड पुन्हा लावा. मराठी फॉन्टचा प्रश्न मात्र फारसा येत नाही. पुण्यात मोठं ऑफिस असलेल्या रेड हॅटनं खुले केलेले 'लोहित' फॉन्ट फेडोरापासून डेबियनपर्यंत सगळीकडे मिळतात.

सगळ्यात मोठा धोका डेटाचा. इन्स्टॉल करताना चुकीची डिस्क निवडली की फोटो आणि प्रोजेक्ट दोन मिनिटांत साफ. म्हणून जुने खेळाडू काही गोष्टी पाळतात :

- बदलाच्या आधी बॅकअप वेगळ्या हार्डडिस्कवर घेतात आणि तो उघडतोय का ते तपासतात.
- 'होम' फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर ठेवतात. सिस्टम बदलली तरी फाइल जागेवर राहतात.
- आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वायफाय, आवाज, ब्लूटूथ बघतात. काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही.
- नुसती हौस असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये भागवतात. कामाच्या लॅपटॉपला हात लावत नाहीत.

हे सगळं आत्ताच का कळायला हवं?

कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे पण उत्तम चालणारे कितीतरी लॅपटॉप घरोघरी आहेत. त्यामुळं "लिनक्स टाकू का?" हा प्रश्न आता फक्त इंजिनिअरिंगच्या मुलांचा राहिलेला नाही.

आपल्या देशात हा प्रयोग नवा नाही. केरळच्या सरकारी शाळांत कितीतरी वर्षं लिनक्सवर शिकवलं जातं आणि त्यासाठी राज्याच्या 'काइट' या संस्थेनं उबुंटूवर आधारित स्वतःची आवृत्ती बनवली आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या चेन्नई केंद्रानं डेबियनवर आधारित 'बॉस' आणलं, तेही २००७ पासून आहे.

पहिल्यांदा लिनक्स टाकणाऱ्याला बहुतेक जण विचारतात, "दिसायला कसं हवंय?" त्याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात. हे कोण बनवतं, कंपनी की स्वयंसेवक? अपडेट कधीपर्यंत मिळणार? आणि उद्या त्यांनी निर्णय बदलला, तर दुसरीकडे जाणं किती सोपं आहे?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिनक्समध्ये बहुतेक वेळा "बरंच सोपं" असं येतं. सेंटओएस बंद झालं तेव्हा काही महिन्यांत दोन पर्याय उभे राहिले, कारण कोड कुणा एकाच्या तिजोरीत नव्हता. विंडोज १० वाल्यांना असा दुसरा घरमालक मिळाला नाही.

म्हणून तुमचा एखादा मित्र पाचव्यांदा डिस्ट्रो बदलत असेल तर त्याला हसा बिनधास्त. फक्त बॅकअप घेतलाय का, तेवढं विचारा.